कळांच्या वेळी लेकीजवळ कोणी थांबावे?

पत्र : माझी लेक पुण्यात नोकरी करते. तिचा सातवा महिना संपत आला असून पहिले बाळंतपण म्हणून ती नवव्या महिन्याच्या सुरुवातीला माहेरी, तासगाव तालुक्यातील आमच्या गावी येणार आहे. सांगलीच्या एका खासगी रुग्णालयात नाव नोंदवले आहे. तिने पुण्याची एक डूला ठरवली आहे. ती बाई दर आठवड्याला मोबाइलवरून व्यायाम आणि श्वास कसा घ्यायचा ते शिकवते आणि कळा सुरू झाल्या की सांगलीला येणार आहे. रुग्णालयात एकाच बाईला आत थांबू देतात. लेक म्हणते, ‘आई, आत ती थांबेल, तू बाहेर थांब.’ दोन जावा आणि एक नणंद, यांची बाळंतपणे मी काढली आहेत. माझ्या पोटच्या पोरीजवळ पैसे घेणारी परकी बाई थांबणार, हे मला सोसत नाही. लेक शेक-धुरीही नको म्हणते. ही बाई नक्की काय करते, तिच्यावर विश्वास ठेवावा का आणि तिची फी कोणी द्यायची? आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाचा खर्च माहेरचा असतो. तारीखही द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या ऐन गडबडीत आहे.
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

ज्या घरात तीन बाळंतिणींचे सगळे तुम्ही केले, त्याच घरी स्वतःची लेक येते आणि ‘तू बाहेर थांब’ म्हणते, याचे दुःख होणारच. ते गिळून टाका असे मी सांगणार नाही. मात्र पत्रातील प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, म्हणून माझे मत आधीच सांगते. डॉक्टरांची परवानगी असेल तर कळा जोर धरतील त्या वेळी डूलेला आत थांबू द्यावे. आणि तुम्ही स्वतः त्याच कामाची तयारी आजपासून करावी, कारण तिच्याआधी लेकीजवळ तुम्हीच असणार आहात. याची कारणे आता सविस्तर सांगते.

डूला म्हणजे डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे आणि सुईणही नव्हे. ती आतली तपासणी करत नाही, रक्तदाब पाहत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, औषध देत नाही आणि वैद्यकीय निर्णयही घेत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ पहिल्यांदा अंगावर पिईपर्यंत त्या बाईला एकटे न सोडणे, एवढेच तिचे काम असते. हे काम लहान वाटते. पण प्रसूतिकक्षातील नर्सकडे एका वेळी अनेक जणी असतात, डॉक्टर ठरावीक वेळाने येऊन तपासून जातात आणि मधल्या सगळ्या तासांत पहिलटकरीण छताकडे बघत पडून असते. पूर्वी घरी येणारी सुईण बाळंतपण करायची आणि धीरही द्यायची. बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली, त्यामुळे असंख्य आया आणि बाळे वाचली, आणि यात मागे जाण्याचा विचारही कोणी करू नये. पण त्या बदलात सुईणीचे पहिले काम डॉक्टर-नर्सकडे गेले आणि दुसरे काम कोणाकडेच गेले नाही. तुमच्या लेकीने त्या दुसऱ्या कामासाठी एक माणूस शोधले आहे.

या सोबतीचा उपयोग होतो का, हे तपासले गेले आहे. मार्शल क्लॉस आणि जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह ग्वाटेमाला देशातील एका रुग्णालयात केलेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे काही पहिलटकरणींजवळ एक साधी, आधी ओळख नसलेली बाई सतत बसवण्यात आली होती. पाठ चोळणे, हात धरणे, बोलत राहणे, एवढेच तिने केले. तरीही त्यांच्या कळांचा काळ एकट्या ठेवलेल्या बायकांपेक्षा बराच कमी भरला. तो अभ्यास लहान होता. पुढे १७ देशांतील, १५ हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये आपोआप होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण जास्त होते, सिझेरियन आणि वेदनाशामक औषधांची गरज कमी पडली होती, कळांचा काळ थोडा कमी झाला होता आणि ‘माझे बाळंतपण फार वाईट गेले’ असे सांगणाऱ्याही कमी होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली आहे. त्यातील ‘तिच्या पसंतीची’ हे शब्द तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटतात.

लेकीच्या मनात आणखी एक भीती असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील खासगी रुग्णालयांत होणाऱ्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने होतात, तर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के आहे. असे आकडे वाचलेल्या तरुण मुली धास्तावतात आणि डूला घेतली की सिझेरियन टळेल, असे धरून चालतात. तसे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. बाळाचे ठोके उतरले, वार खाली असली किंवा रक्तदाब चढला, तर सिझेरियनच जीव वाचवते आणि अशा वेळी डूलेने लेकीला तो निर्णय शांतपणे स्वीकारायला मदत करायची असते. हे लेकीशी आत्ताच बोलून ठेवा; नाहीतर सिझेरियन झाल्यास तिला आपलेच काही चुकले असे वाटत राहील.

आता तुमच्या मनाला लागलेल्या गोष्टीविषयी. लेक आईला बाहेर का ठेवते? मला दिसणारे कारण तुमच्या मायेला कमी लेखणारे नाही. लेक ओरडली की आईचा जीव कासावीस होतो, चेहरा पडतो, आणि मग लेक कळ सोसायची सोडून आईचा चेहरा सांभाळत बसते. काही मुलींना आईसमोर ओरडायलाही संकोच वाटतो. जावा-नणंदेच्या वेळी तुम्ही खंबीर होतात याबद्दल शंका नाही, पण पोटच्या पोरीच्या बाबतीत तेवढेच खंबीर राहता येईल का, याचे उत्तर तुम्ही स्वतःलाच द्यावे. ते ‘हो’ असेल तर लेकीला तसे एकदा, फक्त एकदा, स्पष्ट सांगावे आणि मग निर्णय तिच्यावर सोडावा. घरच्या माणसाची सोबत लाभली तरी बायकांचे समाधान वाढते, हेही अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे तुमचे म्हणणे अडाणीपणाचे आहे असे कोणी म्हणू नये. परंतु कळा तिला येणार आहेत.

तुमच्या घरात कोणाच्या लक्षात आली आहे की नाही कोण जाणे, अशी एक अडचण यात आहे. पुणे ते सांगली हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरांच्या वर आहे आणि खंबाटकी घाटात वाहतूक अडली नाही तरी डूलेला पोहोचायला चार-पाच तास लागतील. कळा रात्री दोनला सुरू झाल्या तर ती सकाळपर्यंत येणार नाही. पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या बारीक कळा बहुधा बराच वेळ चालतात आणि गर्भपिशवीचे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यानंतरही पूर्ण उघडायला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून ती वेळेत पोहोचण्याचीच शक्यता अधिक आहे. तरीही कधी कधी पहिले बाळंतपणही भराभर होते. शिवाय त्याच दिवशी तिच्याकडच्या दुसऱ्या बाईच्या कळा सुरू झाल्या, तर तिच्याऐवजी कोण येणार, हेही विचारावे लागेल. म्हणूनच पहिले काही तास, आणि प्रसंगी सगळेच तास, लेकीजवळ तुम्ही असाल असे धरून चाला. पुढच्या आठवड्यापासून लेकीच्या मोबाइलवरील शिकवणीत तुम्हीही बसा. लेक पुण्यात आणि तुम्ही गावी असलात तरी तिघींना एकाच वेळी व्हिडिओ कॉलवर येता येते.

त्या बाईकडून नेमके काय शिकून घ्यायचे, तेही सांगते. कळ येते तेव्हा कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडावर तळहाताने घट्ट दाब दिला की पाठीतल्या कळा पुष्कळ सुसह्य होतात. हा दाब किती आणि कोठे द्यायचा हे लेकीने स्वतः सांगायचे असते, म्हणून आधी सराव हवा. सुरुवातीच्या काळात तिला उताणे झोपवून ठेवू नये. चालणे, भिंतीला किंवा कोणाच्या गळ्याला टेकून उभे राहणे, पलंगावर हात टेकून ओणवे होणे, थकल्यावर डाव्या कुशीवर पडणे, यांपैकी जे तिला बरे वाटेल ते डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर करू द्यावे. घोट घोट पाणी देत राहावे, दर दोन तासांनी लघवीला न्यावे, कारण भरलेले मूत्राशय बाळाची वाट अडवते. श्वास लांब सोडायला सांगावे. दोन कळांच्या मध्ये मात्र गप्प बसावे आणि तिलाही बोलायला लावू नये, कारण विश्रांतीसाठी तेवढाच वेळ मिळतो. ‘जोर कर, जोर कर’ असे डॉक्टर किंवा नर्सने सांगितल्याशिवाय कोणीही म्हणू नये. पिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधी लावलेला जोर फुकट जातो आणि बाई थकून जाते. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणाऱ्या कथाही त्या दिवशी नकोत. भ्यालेल्या बाईच्या कळा मंदावतात, हे तुम्ही स्वतः पाहिले असेल.

कधी निघायचे, हेही आधी ठरवून ठेवावे. कळा दर पाच मिनिटांनी येऊन प्रत्येक कळ मिनिटभर टिकू लागली आणि तासभर तसेच चालले की निघावे, असे पहिलटकरणीला साधारणपणे सांगतात. पण गावापासून सांगलीचा रस्ता पाहता तुम्ही त्याआधीच निघावे हे बरे. पाणी गेले, अंगावर रक्त गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, डोके जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहरा-हात एकाएकी सुजले, तर कळांची वाट पाहू नये आणि डूलेच्या फोनचीही पाहू नये. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करावा. पुण्यातील सगळे रिपोर्ट, सोनोग्राफीचे कागद आणि रक्तगटाची नोंद एका फायलीत हवी आणि ती फाइल सांगलीच्या डॉक्टरांनी आधी पाहिलेली असावी. केवळ नाव नोंदवून भागत नाही; लेक गावी आली की पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे तपासणी व्हायला हवी.

त्याच भेटीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारून घ्यावा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. त्यात स्वतः बाळंतपण अनुभवलेली घरची बाई असावी, तिला कोणताही संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपडे घालावेत आणि कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. खासगी रुग्णालये मात्र आपापले नियम करतात. म्हणून, ‘डॉक्टर, आमच्याबरोबर शिकलेली सोबतीण येणार आहे, तिला आत थांबू द्याल का?’ असे लेकीने स्वतः विचारावे आणि डूलेला शक्य असेल तर फोनवर त्यांच्याशी बोलायला सांगावे. आलटूनपालटून थांबण्याची मुभा मिळते का, हेही विचारा. एक बाहेर आली की दुसरी आत जाईल, याला पुष्कळ डॉक्टर हरकत घेत नाहीत, कारण गर्दी होत नाही आणि डूलेलाही जेवायला वेळ मिळतो. डॉक्टर म्हणाले की घरचीच बाई हवी, तर प्रश्नच मिटला. तुम्ही आत थांबाल आणि डूला बाहेरून साहाय्य करील. मात्र हे प्रसूतिकक्षाच्या दारात कळू नये. शस्त्रक्रियागृहात तर बहुतेक ठिकाणी दोघींपैकी कोणालाही येऊ देत नाहीत. तेव्हा बाळ बाहेर आल्यावर ते कोणाच्या हाती द्यायचे आणि लेकीजवळ पहिल्यांदा कोण जाईल, हेही बोलून ठेवावे.

विश्वासाचा प्रश्न रास्त आहे. नर्सची नोंदणी नर्सिंग कौन्सिलकडे असते, तशी डूलांची सरकारी नोंदणी आपल्याकडे नाही. निरनिराळ्या संस्था प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देतात आणि त्यांचा दर्जा एकसारखा नसतो. त्यामुळे पारख तुम्हालाच करावी लागेल. तिने प्रशिक्षण कोठे घेतले, प्रत्यक्ष किती प्रसूतींना ती हजर होती, त्या बायकांपैकी एक-दोघींशी बोलता येईल का, कळा लांबल्या तर ती किती तास थांबेल, बाळंतपणानंतर किती वेळा भेटेल, हे सगळे स्पष्ट विचारा आणि फीसह लिहून घ्या. पण या सगळ्यांहून एक कसोटी मला मोठी वाटते. ती डॉक्टरांविषयी कसे बोलते, ते ऐका. ‘नॉर्मल होणारच’ अशी हमी देणारी, रुग्णालयात उशिरा जा म्हणणारी, सोनोग्राफी किंवा लोहाच्या गोळ्या टाळायला सांगणारी किंवा घरीच बाळंतपण करू म्हणणारी बाई, तिच्याकडे कितीही प्रमाणपत्रे असली तरी, लेकीजवळ नको. उलट ‘हे मला सांगता येणार नाही, डॉक्टरांना विचारा’ असे जी अनेकदा म्हणते, ती आपले काम जाणते.

शेक-धुरीच्या बाबतीत मात्र मी लेकीच्या बाजूची आहे. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवली की धुराबरोबर वास नसलेला विषारी वायूही साचतो आणि तो बाळ-बाळंतीण दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. ओव्याचा वास खोलीत हवा असेल तर ओवा तव्यावर परतून बाहेर ठेवा, पण बाळाला धुरी देऊ नका. सिझेरियन झाले असेल तर टाक्यांवर शेक, तेल आणि पोट आवळून बांधणे, तिन्ही नको. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपल्याकडची रीतही सोडून द्यावी. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते. बाळाला मध, गुटी, साखरेचे पाणी काहीही चाटवू नये. पहिले पिवळसर घट्ट दूध काढून टाकू नये, जन्मानंतर तासाभरात अंगावर लावावे आणि सहा महिने दुसरे काही देऊ नये. नाळेला हळद-तेल लावू नये, ती कोरडी ठेवावी. याउलट तुमची अळिवाची खीर, मेथीचे आणि डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, पालेभाज्या, बेताच्या गरम पाण्याची अंघोळ आणि हलक्या हाताने केलेले अंगाचे मालिश, यांना कोणतीही शहाणी डूला नको म्हणणार नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र लाडवांच्या जोडीला सहा महिने चालू राहू द्या.

खरे मोठे काम याच पुढच्या दिवसांत आहे आणि ते डूला पुण्याहून करू शकत नाही. बाळंतपण एखाद्या दिवसात उरकते, सव्वा महिना मात्र रोज रात्री जागून काढावा लागतो. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत बागेत मजूर, घरी त्यांचे चहापाणी आणि आतल्या खोलीत रडणारे बाळ, हे सगळे एका बाईच्या अंगावर पडले तर आधी तुम्ही आजारी पडाल. म्हणून बागेकडचे काम या वेळी घरातील पुरुषांनी आणि दिराने पूर्ण अंगावर घ्यावे, हे गणपतीच्या आधीच ठरवून टाका. पाचवी आणि बारसे साधे करा; बाळ बघायला येणाऱ्यांची रीघ लागली की बाळंतिणीची झोप जाते आणि पाजताना संकोच होतो. दुपारी एक तास बाळ तुमच्याकडे आणि लेक झोपलेली, हा नियम ठेवा. गावातील आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, रुग्णालयातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटी देतात; गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, त्या कामातून ही घरभेटींची पद्धत देशभर गेली. या भेटी चुकवू नका, बाळाचे वजन करून घ्या.

लेकीच्या मनाकडेही लक्ष असू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे बहुतेक बाळंतिणींना होते आणि पंधरवड्यात ते ओसरते. त्यानंतरही ती खिन्न राहिली, बाळाकडे बघवत नाही म्हणाली, बाळ झोपलेले असतानाही तिला झोप लागेना किंवा ‘मी नसते तर बरे’ असे काही बोलली, तर ‘बाळ एवढे गोड आहे, रडतेस काय’ असे म्हणून ते झाकू नका. डॉक्टरांना सांगा, शासनाच्या मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. स्वतःचा किंवा बाळाचा घात करण्याचे शब्द आले तर तिला क्षणभरही एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात पॅड भिजून जाईल इतका रक्तस्राव, एका पायाला सूज आणि ठणका, यांसाठीही तीच घाई हवी. डूलेची बाळंतपणानंतरची एखादी भेट ठरली असेल तर ती दुसऱ्या आठवड्यात ठेवायला सांगा, कारण पाजण्याच्या आणि मनाच्या अडचणी साधारण तेव्हा उघड होतात.

राहिला फीचा प्रश्न. पहिल्या बाळंतपणाचा खर्च माहेरचा, ही रीत रुग्णालयाच्या बिलापुरती आणि तुमच्या ऐपतीपुरती असू द्या. डूला लेकीने आणि जावईबापूंनी आपल्या विचाराने ठरवली आहे, दोघे मिळवते आहेत, तेव्हा तिची फी आणि पुण्याहून येण्याजाण्याचा खर्च त्यांनीच द्यावा. हे लेक गावी येण्याआधी तिला फोनवर मोकळेपणाने सांगून टाका. मानापमानाच्या भीतीने तुम्ही पैसे दिलेत तर ती सल मनात राहील आणि त्या बाईशी बोलताना बाहेर पडेल. बागेच्या हंगामात हात आखडता असतो, हे लेकीला ठाऊक आहे. बाईच्या राहण्याची सोय मात्र सांगलीत रुग्णालयाजवळ करायची की तुमच्या घरी, हे तिलाच विचारा. घरी उतरणार असेल तर जेवणखाण तुमच्याकडे, त्याचा हिशेब कोणी मांडणार नाही.